खरवड्याचे चौदा डबे

सगळी गल्ली त्याला खरवड्या म्हणायची. धंद्यानं रंगारी; पण रंग लावण्यापेक्षा काढण्यातच याचा जन्म गेला, असं बायको चिडून म्हणायची, ती होती तोवर. बाकीचे रंगारी जुन्या रंगावर दोन हात मारून मोकळे व्हायचे. हा नाही. लोखंडी पत्ती घेऊन बसायचा आणि खालचं लाकूड दिसेपर्यंत उठायचा नाही. गिऱ्हाईक बोंबलायचं, "अहो, उद्या पाहुणे यायचेत!" हा म्हणायचा, "मग त्यांना पुढच्या आठवड्यात बोलवा." अशा माणसाला कामं किती मिळणार? मुलगा मोटारी दुरुस्त करायला लागला, तेव्हा कुठं घर जरा सावरलं.

आणि म्हातारपणी त्याला ते रुग्णालय मिळालं. क्षयरोग्यांसाठी बांधलेली जुनी दगडी इमारत, माणसांना हवा मिळावी म्हणून बावन्न खिडक्या, आणि तीस वर्षं दाराला कुलूप. शहरातल्या काही भल्या मंडळींनी ती वाचवायचं मनावर घेतलं. इमारत दुरुस्त करायची आणि आवारात सगळ्या वस्तीनं मिळून भाजीपाला पिकवायचा. पुढारपण एका निवृत्त मुख्याध्यापिकेकडे. सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणत. चार रंगाऱ्यांनी खिडक्या पाहिल्या आणि चौघांनीही सांगितलं, काढून टाका. खरवड्यानं चौकटीवर नख ओढलं. हिरव्याखाली पांढरा, पांढऱ्याखाली शेंद्री. तो म्हणाला, "लाकूड ठणठणीत आहे, बाई. मला द्या."

बाईंनी वही उघडली. "तुमचं पूर्ण नाव सांगा. दारात दगडी पाटी लावणार आहोत. त्यावर खिडक्यांच्या कामासमोर तुमचं नाव येईल."

पंचेचाळीस वर्षं लोकांची घरं रंगवली, पण पूर्ण नाव कुणी म्हणून विचारलं नव्हतं. त्या दिवशी जेवताना सुनेला त्यानं ही गोष्ट तीनदा सांगितली. तिसऱ्यांदा तीही पहिल्यांदा ऐकल्यासारखी हसली. गुणाची पोर.

तो शेंद्री थर म्हणजे शिशाचा रंग. खरवड्याला तो चांगला ठाऊक होता. त्याच्या उस्तादानं उभा जन्म तो रंग खरवडला आणि शेवटी त्याची मनगटं अशी लुळी पडली, की पाण्याचा पेलाही बायकोनं तोंडाला लावावा लागे. म्हणून खरवड्या खिडकीखाली प्लॅस्टिक अंथरायचा, रंग ओला करूनच खरवडायचा, पापुद्रा न् पापुद्रा वेचून डब्यात भरायचा. चौदा डबे भरले, झाकणं ठोकली, जुन्या औषधांच्या खोलीत रचले. बाईंना बजावलं, "हे विष आहे. याची विल्हेवाट लावणाऱ्या माणसांना बोलवा."

"हो हो, बघते," बाई म्हणाल्या. बाईंना शंभर कामं. आणि या शहाण्यानं एवढी काळजी घेतली खरी, पण एकाही डब्यावर एक अक्षर लिहिलं नाही! आपल्याला माहीत आहे म्हणजे जगाला माहीत आहे, असं धरून चालला.

पुढं काचा यायला उशीर झाला म्हणून तो दहा दिवस घरी बसला. परत आला तर व्हरांड्यात चौदा डबे ओळीनं मांडलेले. धुतलेले, फुलं रंगवलेले, प्रत्येकात पुदिन्याचं रोप.

"यातलं काय केलंत?"

"तो भुसा ना, काका?" पाणी घालणारी मुलगी कौतुकानं म्हणाली. "खतात मिसळला. आवारातलं काही बाहेर टाकायचंच नाही, असा आपला नियमच आहे. खत वाफ्यांत घातलंसुद्धा, पालकही पेरला."

तो तडक बाईंकडे गेला. बाईंचा चेहरा उतरला. मग म्हणाल्या, "डब्यांवर काही लिहिलेलं नव्हतं." आणि जरा वेळानं, समजुतीच्या सुरात, "एवढ्या मातीत ते कितीसं असणार? सहा आठवड्यांवर उद्घाटन आलंय. आत्ता बोललात तर पुन्हा कुलूप लागेल. माती नंतर तपासून घेऊ ना. आणि हे बघा, पाटीही कोरून आलीय."

पाटी भिंतीला टेकून ठेवली होती. खरवड्या खाली बसला. आपल्या नावाच्या अक्षरांत अडकलेली दगडाची पूड त्यानं नखानं काढली, एकेका अक्षरातून. मग मूग गिळून घरी आला. असा हा माणूस, जो रंगाच्या बाबतीत कुणाच्या बापाचं ऐकत नव्हता!

उद्घाटनाच्या चार दिवस आधी सुनेनं तिथून पालकाची जुडी आणली. निवडली, तीन पाण्यांतून धुतली. यानं उचलली आणि कचऱ्यात टाकली.

"अहो बाबा!"

"कीड होती," तो म्हणाला.

उद्घाटनाला ही गर्दी! बावन्न खिडक्या उघड्या, लाकूड नव्यासारखं. लोक चौकटींवरून हात फिरवत होते. मुलांना वाफ्यांत सोडलं होतं, स्वतःच्या हातानं तोडा आणि खा म्हणून. सून नातीला कडेवर घेऊन आली. नातीनं कुणाच्या तरी हातातलं पान ओढलं, तोंडाशी नेलं, आणि खरवड्यानं फाडकन तिच्या हातावर मारलं.

पोरीनं भोकाड पसरलं. आजूबाजूचे वळून पाहू लागले. शेजारी एक आई आपल्या लेकाला पान भरवत होती, तिचा हात तसाच थांबला. "काका, काय झालं हो? खाऊ नये का?"

माइकपाशी बाई उभ्या होत्या. त्या त्याच्याकडेच बघत होत्या. त्यांच्यामागं पाटी. सांगायचं होतं ते एवढंसं होतं. तोंडही उघडलं होतं मेल्यानं.

"न धुता देऊ नये," तो म्हणाला.

"अगंबाई, खरंच की! बरं झालं सांगितलंत." ती लगबगीनं नळाकडं गेली. तिचं बघून दुसरी गेली, तिसरी गेली. नळावर रांग लागली. काका म्हणतात धुऊन द्या, असं एकमेकींना सांगत बायका पान न् पान चोळून धुऊ लागल्या आणि पोरांच्या हातात देऊ लागल्या.

सुनेनं नातीची मूठ उघडून उरलेला पाला काढून घेतला. मग हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, त्या दिवशीचा पालक तर मी तीनदा धुतला होता."

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. तेवढ्यात माइकवर त्याचं पूर्ण नाव पुकारलं गेलं आणि नळावरच्या रांगेनं ओल्या हातांनी टाळ्या वाजवल्या.