सात पुटांची सोलं

मालवणात मी जिल्ह्याच्या एका दैनिकाचं काम करत होते. आमच्याकडे बातमीवर नाव येत नसे, 'प्रतिनिधी' एवढंच येई. माझ्या आईला हे कधी पटलं नाही. शेजारच्या आळीतली माझी वर्गमैत्रीण पुण्याहून परत आली, तिने स्वतःचा व्यवसाय काढला आणि कोकमाच्या पाकिटावर तिचं नाव आणि फोटो आला, तेव्हा आईने ते पाकीट शोकेसमध्ये उभं करून ठेवलं.

"तुझा नाव खंय छापून येता?" ती म्हणाली. "तिचा बघ, पाकिटार आसा."

या मैत्रिणीची कारकीर्द मला तारीखवार माहीत होती, कारण मी ती लक्ष ठेवून पाहिली होती. कॉलेजात आम्ही दोघी मिळून भित्तिपत्रक काढत असू. लेख मी लिहायची, शीर्षकं ती द्यायची. मुलं शीर्षक वाचून हसायची आणि पुढे जायची. पदवीनंतर ती पुण्याला डबे पोचवणाऱ्या एका नव्या कंपनीत लागली. तिचं काम होतं ग्राहकांच्या फोनवर जाणारे संदेश लिहिण्याचं. दुपारी एकच्या सुमाराला 'जेवलात का?' एवढाच संदेश जाई, आणि लोक डबा मागवत. हे तिने मला फोनवर सांगितलं त्या दिवशी मी पाणीटंचाईवर आठशे शब्द लिहिले होते, त्यातले तीनशे छापून आले.

पुढे ती दुसऱ्या स्टार्टअपमध्ये मार्केटिंगची प्रमुख झाली. ती कंपनी बंद पडली. मला वाईट वाटलं नाही, हे नोंदवायला हवं. ती मालवणात परतली आणि एका शिंप्याच्या दुकानामागे दोन खोल्या घेऊन बसली. देवबागच्या घरगुती निवासांची, होडीवाल्यांची, काजूवाल्यांची जाहिरात ती करू लागली. तिने केलेल्या देवबागच्या जाहिरातीत समुद्राचा एकही फोटो नव्हता. एका काकीचा घावणे उलथतानाचा हात होता, बस. खोल्या भरल्या. त्यानंतर तिने स्वतःचं कोकम बाजारात आणलं. पाकिटावर मोठ्या अक्षरांत तीन शब्द होते: सात पुटांची सोलं.

रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली त्याच्याच रसात बुडवून उन्हात वाळवायच्या, पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. प्रत्येक वेळेला एक पूट. पुटं जितकी जास्त तितकं सोल काळं आणि आंबट. हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत असतं. पण ते पाकिटावर लिहावं, हे तिलाच सुचलं. मला का सुचलं नाही, याचा मी बरेच दिवस विचार केला.

मे महिन्यात संपादकांनी पुरवणीसाठी तिच्यावर यशोगाथा मागितली. सहाशे शब्द, एक फोटो. मुंबईतली एक मोठी दुकानसाखळी तिचं कोकम घेणार होती. त्यांची माणसं पुढच्या आठवड्यात येणार होती. ऑर्डर मिळाली असती तर कट्टा या बाजारगावाच्या पुढच्या एका गावातल्या, तिला सोलं पुरवणाऱ्या अकरा बायकांची अख्ख्या हंगामाची सोलं एका वेळी उचलली जाणार होती.

त्याआधी मी अशा बऱ्याच यशोगाथा लिहिल्या होत्या. उद्योजक सांगेल ते वहीत घ्यायचं आणि लिहायचं. कुणाच्याही पाकिटावरचा मजकूर पडताळायला मी कधी गावात गेले नव्हते. या वेळी गेले. एसटीने कट्टा, तिथून रिक्षाने गाव. तिथे ओळख देताना मी आधी 'तिची मैत्रीण' म्हटलं, पेपरचं नाव नंतर सांगितलं.

खळ्यात साली पसरलेल्या होत्या. बायका घमेल्यात रस ढवळत होत्या. मी विचारलं, पुटं किती देता?

"पाच देतंव," त्यांतली सर्वांत वयस्क बाई म्हणाली. "आभाळ इला तर चार."

"पाकिटावर सात लिहिलंय."

"सात?" ती हसली. "सात कोण देता गो बाय? इतक्या येळात पावस येतलो."

"दोन पुटां सूर्यान दिली म्हणान लिव," दुसरी म्हणाली, आणि सगळ्याच हसल्या. मग त्यांनी मला सरबत दिलं. पेपरात त्यांचाही फोटो येणार का, ते विचारलं. मी फोटो काढला.

परतीच्या एसटीत मी आनंदात होते. याला दुसरा शब्द मला सापडत नाही.

आमच्या कामाचा नियम असा, की ज्याच्याबद्दल लिहायचं त्याचं म्हणणं आधी घ्यायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिच्या खोलीवर गेले. टेबलावर नव्या पाकिटांचे गठ्ठे होते. मी वही उघडून प्रश्न वाचला: "आपल्या पाकिटावर सात पुटं असा उल्लेख आहे. उत्पादक महिला पाच सांगतात. यावर आपलं म्हणणं काय?"

"आपलं?" ती म्हणाली. "माका आपलां म्हणतंस? ताप इलो काय तुका?"

मी हसले नाही. मग तिनेही हसणं थांबवलं. एक पाकीट उचलून ती त्याच्याकडे बघत राहिली.

"आमची आई सात देय," ती म्हणाली. "मी मोजलेली आसत. माका वाटला सगळीच सात देतत." पाकीट खाली ठेवून ती प्रमाण मराठीत म्हणाली, "मी त्यांना विचारलंच नाही. लिही तसं."

हे वाक्य छापू नको, असं ती म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. म्हणाली असती तर मला नकार देता आला असता. नकाराचे शब्दही मी तयार ठेवले होते. तिने तसं काही म्हटलंच नाही. तिने फोन उचलला आणि माझ्यासमोर मुंबईला लावला. पाकिटावरचा आकडा चुकीचा आहे, चूक माझी आहे, बायकांची नाही, पुढच्या छपाईत दुरुस्त होईल, एवढं तिने सांगितलं. पलीकडून बराच वेळ कुणीतरी बोलत होतं. ती "हो" आणि "समजलं" म्हणत राहिली.

"येणार नाहीत," फोन ठेवून ती म्हणाली. "पुढच्या हंगामात बघू म्हणाले."

लेख रविवारी आला. सहाशे शब्द, त्यात पुटांबद्दल चार वाक्यं. एकही शब्द चुकीचा नव्हता. संपादकांनी शाबासकी दिली. त्या वर्षी ती सोलं कट्ट्याच्या बाजारात सुटी विकली गेली. मी काढलेला बायकांचा फोटो जागेअभावी वगळला होता.

आईने लेख चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला.

"ह्या कित्याक लिवलंस?"

"खरं आहे ते."

"खरा आसा ता कळला. कित्याक लिवलंस, ता इचारतंय."

आई दोन दिवस माझ्याशी मोजकंच बोलली.

मैत्रिणीला मी पावसाळाभर टाळलं. बाजारात ती दिसली की मी समोरच्या दुकानात शिरायची, मग तिथलं काहीतरी घ्यावं लागे. गणपतीनंतर तिचाच निरोप आला, म्हणून गेले. तिने खुर्ची पुढे केली.

"लेख बरो होतो," ती म्हणाली. "एकच इचारतंय. तू गावात गेलंस कित्याक? आदी कोणाच्या गावात गेललंस काय?"

"नाही."

"मगे?"

पडताळणी, असं म्हणायचं मी ठरवून आले होते. "तुझं चांगलं चाललेलं मला बघवत नव्हतं," मी म्हटलं. "अजूनही बघवत नाही."

ती चिडेल असं मला वाटलं होतं.

"ता म्हायत आसा माका," ती म्हणाली. "भित्तिपत्रकाच्या वेळेपासून. आता तरी बरां वाटला?"

"नाही."

"वाटूचा नाय," ती म्हणाली, आणि ड्रॉवरमधून एक कागद काढून माझ्यापुढे सरकवला. नव्या पाकिटाचा मजकूर होता. मुंबईवाल्यांना तो पाठवायचा होता आणि त्यांनी होकार दिला तर छपाई होणार होती. "ह्या बघ. माझ्याकडे चुको काढूक दुसरा कोण नाय."

वर लिहिलं होतं: पाच पुटांची सोलं. आभाळ आलं तर चार. त्याखाली अकरा बायकांची नावं होती, गावासकट. तिचा फोटो नव्हता.

मी पेन काढलं. नावं, ऱ्हस्व-दीर्घ, वजन, पत्ता, सगळं पाहिलं. चूक नव्हती. ती आत चहा टाकायला गेली, तेव्हा मी ते पहिल्यापासून पुन्हा वाचायला घेतलं.