सुईच्या टोकावरचा कण

"कशावरून?" असं विचारण्याआधी आमच्या मॅडम हातातलं पेन टेबलावर आडवं ठेवायच्या. पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत या प्रश्नातून कुणी सुटलं नाही. शनिवार पेठेतला त्यांचा भाजीवालाही नाही. "मेथी ताजी आहे, ताई." "कशावरून?" अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

ईशान्येच्या डोंगरातून आलेल्या, जेड हा शोभेचा दगड असलेल्या खडकाचा एक पातळ काप आम्ही तपासत होतो. हिरव्या जेडमध्ये एक फिकट कण होता. त्यातली मूलद्रव्यं माहीत असलेल्या कुठल्याच खनिजाशी जुळेनात.

"मॅडम, हे नवीन खनिज आहे," मी म्हणाले.

"कशावरून? आतली रचना पाहिलीत?"

रचना पाहायची तर कण कापातून सोडवून क्ष-किरणांसमोर धरायला हवा. तो केसाच्या जाडीचाही नव्हता, आणि कामाला येईल असा तेवढा एकच होता. हरवला तर सगळंच संपलं.

असली कामं मॅडम स्वतः करत. पंखा, एसी बंद करून त्या सूक्ष्मदर्शकापाशी बसल्या. सुई उचलली, खाली ठेवली, पुन्हा उचलली. टोक थरथरत होतं.

"अहो, तुम्ही बसा इथे."

"कधीपासून होतंय हे?"

"कणाकडे बघा."

मी बसले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. थरथर माझ्या सुईपर्यंत पोचतेय हे कळताच काढून घेतला. मी कणाच्या कडा हळूहळू टोकरत गेले. तो सुटला, आणि दिसेनासा झाला.

"गेला, मॅडम."

"हलू नका. सुई तिथेच राहू दे."

त्या शेजारच्या पडद्यावर शोधत राहिल्या. माझ्या हनुवटीवरचा घाम काचेवर पडेल म्हणून त्यांनी तो ओढणीनं टिपला.

"सुई किंचित फिरवा. अजून."

कण सुईच्या मागच्या अंगाला चिकटला होता.

त्याची रचना कशाशीच जुळली नाही. मॅडमनी सगळं पुन्हा मोजायला लावलं. तेच उत्तर आलं. तेव्हा कुठे त्या खुर्चीत टेकल्या.

नव्या खनिजांच्या आंतरराष्ट्रीय समितीची मान्यता आली, तोवर त्या निवृत्त झाल्या होत्या. मी फोन करून सांगितलं.  पलीकडून फक्त कानातल्या कुडीवर फोन आपटत असल्याची बारीक टकटक.

"ऐकताय ना, मॅडम?"

"ऐकतेय," त्या म्हणाल्या. "पुन्हा एकदा सांगा."