घाटातला हॉर्न

महाडच्या आमच्या युवा गायनवृंदाला महोत्सवांना नेणारा ड्रायव्हर दासगावचा आहे. नाव मी कधी विचारलं नाही. पोरं त्याला चाचा म्हणतात. पोलादपूर सोडून आंबेनळी घाट लागला की त्याचं बोलणं बंद. मात्र समोर कोणी असो-नसो, प्रत्येक वळणावर तो लांब हॉर्न देतो, आणि पोरं त्याच हॉर्नवरून 'सा' पकडून रियाज करतात. तो आरशात बघून नुसती मान हलवतो.

यंदा घाटात दरड आली आणि महाबळेश्वरला पोचेपर्यंत आमची वेळ टळली. छातीवर बिल्ला लावलेला आयोजक गेटातच म्हणाला, "तुमचं नाव यादीतून काढलंय. गाडी मागे घ्या." मी हात जोडले.

चाचाने तिथंच इंजिन बंद केलं.

"मास्तर, हात कशाला जोडताव? पोरांनो, उतरा. हितंच गा."

पेटी अजून टपावर बांधलेली होती. चाचाने हॉर्न दाबून धरला. पोरांनी सूर उचलला आणि मांडवातल्या माना गेटाकडे वळल्या.

आयोजक ओरडला, "इथे हॉर्नला बंदी आहे!"

"हॉर्न नाय वाजवला," चाचा म्हणाला, "पोरांना सूर दिला."