नाव घातलेला डबा

मी गाव सोडलं ते श्रावणात, भर दुपारी, चुलतभावाच्या इको गाडीतून. दारात सगळी आळी जमली होती. आईने हातावर दहीसाखर ठेवली, बायकोने डोळ्याला पदर लावला, आणि शेजारच्या हमीदाखाला मांजरपाटात शिवलेलं एक पार्सल घेऊन आल्या. चारी बाजूंनी दाट टाके, वर निळ्या पेनाने त्यांच्या मुलाचं नाव, इम्तियाज, मस्कत. ते त्यांनी स्वतःच्या हाताने माझ्या बॅगेत शर्टांच्या खाली सरकवलं. म्हणाल्या, "सांबाळून ने रं बाबा. दोघं वाटून खावा." बाबा बाजूला उभे होते. त्यांची नजर त्या टाक्यांवर होती, तेव्हाच मला कळायला हवं होतं.

बाबा हायवेवरच्या चौक गावापर्यंत सोडायला आले. तिथली निम्मी गॅरेजं बशीरचाचांच्या, म्हणजे खालांच्या नवऱ्याच्या, नातेवाइकांची. म्हणून बाबांनी गाडी तिथे थांबू दिली नाही. पुढे एका ढाब्याच्या मागे घ्यायला लावली, इकडेतिकडे पाहिलं, बॅग उघडली आणि पार्सल अंगठ्याने चाचपलं.

"ह्यात काय हाय रं?"

"खाऊ असंल. सुकट असंल. वास येतोय की."

"सुकट टणक आसती? लाव हात."

मी हात लावला. मधोमध काहीतरी गोल आणि टणक होतं. त्या आठवड्यात टीव्हीवर विमानतळावर कुणीतरी पकडल्याची बातमी होती. दुसऱ्याचं पार्सल, आत भलतंच काही, आणि नेणारा आत. मी म्हणालो, "बाबा, ह्याच इम्तियाजनं मला नोकरी बघून दिली. त्याच्याच खोलीवर उतरायचंय मला." बाबा म्हणाले, "म्हनूनच म्हनतो. कुनी फुकाट वाट दाखवत नाय."

त्यांनी पार्सल काढून घेतलं. ढाब्यापलीकडच्या भाजीवाल्याकडून दोन किलो कांदे घेतले, पिशवीत पार्सल खाली, कांदे वर, आणि शेअर रिक्षाने गावाकडे गेले. मला राग आला असं लिहायला बरं वाटलं असतं. पण खरं सांगतो, मला हायसं वाटलं.

आमचं घर कुणब्याचं, त्यांचं कोकणी मुसलमानाचं. मध्ये निरगुडीचं कुंपण. त्यांचे पणजोबा खाडीकडून सुकी मासळी विकायला यायचे, ते इथेच राहिले. त्यांच्याकडे शेती कधी नव्हती. दुकान, टेंपो, गॅरेज, आणि मग एकेक मुलगा आखाती देशात. आमच्याकडे भाताची शेती होती, त्यातली बरीचशी रस्त्यात गेली, त्याचा मोबदला आला आणि दोन लग्नांत व एका स्लॅबमध्ये संपला. मी आयटीआय करून खोपोलीच्या कारखान्यात इलेक्ट्रिशियन झालो आणि कारखाना बंद पडला. बाबा त्यांच्या टाइल्स लावलेल्या ओटीकडे बघून म्हणायचे, "त्यांचं बरं हाय. दोन पोरं भाईर." आणि बशीरचाचा आमच्या खळ्याकडे बघून म्हणायचे, "तुमचं बरं हाय. पायाखाली जमीन हाय." दोन्ही घरांत रोज तेच बोलणं, आणि दोन्ही घरांना खात्री की समोरचा आपल्यापासून काहीतरी लपवतोय.

त्यांना वाटायचं, रस्त्याचा पैसा आम्ही कुठेतरी पुरून ठेवलाय. पंचायतीत आमचा माणूस, पोलीस पाटील आमचा, खालापूरला तहसील कचेरीत गेलं की आमच्याच एखाद्या पाहुण्याचा साडू टेबलामागे. चाचांना एका दाखल्यासाठी चार खेपा पडायच्या, बाबांचं काम चहा पिऊन व्हायचं. आम्हाला वाटायचं, त्यांचं सगळं आतल्या आत ठरतं, त्यांना आपलं माणूस कुठेही भेटतं, मस्कतलासुद्धा. आणि बाबांना वाटायचं, त्यांचा डोळा आमच्या तीन गुंठ्यांवर आहे. त्यांचं घर आणि डांबरी रस्ता यांच्यामध्ये आमची ती पट्टी आहे. भात निघालं की तिथे आम्ही वाल टाकतो.

मस्कतच्या विमानतळावर इम्तियाज स्वतः घ्यायला आला होता. गाडीत बसायच्या आधी विचारलं, "अम्मीनं काय दिलंय रं?" मी वाटेत उत्तर तयार ठेवलं होतं. "कस्टमनं काढून घेतलं." तो माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिला, मग हसला. "सगळ्यांचंच घेत्यात साले." त्या दिवशी त्याने मला खोलीतला खिडकीजवळचा पलंग दिला. स्वतः दाराशी झोपला.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते काय असतं, हे मला मस्कतच्या रुवी भागातल्या त्या खोलीत कळलं. तो फोनवर हळू बोलला की मला वाटायचं, पार्सलचं चाललंय. तो मोठ्याने बोलला की वाटायचं, मुद्दाम ऐकवतोय. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडले आहेत त्यांना ठाऊक असेल, परक्या मुलखात पहिलं वर्ष कुणाच्या तरी जिवावर निघतं. माझं त्याच्या जिवावर निघालं. खरं सांगितलं तर हा माणूस मला दारात उभा करणार नाही, आणि याच्याशिवाय मला इथे दुसरं दार नाही, एवढंच डोक्यात असायचं. नऊ वर्षं मी ते खोटं तसंच चालवलं.

इथे आल्यावर तराजू उलटा झाला तो वेगळाच. गावी नाव माझं चालायचं, इथे त्याचं. शुक्रवारी तो मशिदीत आमच्या मुदीरच्या, म्हणजे साहेबाच्या, शेजारी बसतो. मी खोलीवर कपडे धुतो. त्याला बढती आधी मिळाली तेव्हा मी मनात म्हटलं, मिळणारच. तो माझ्याहून आधीचा होता, काम चोख करायचा, पण ते मला नंतर सुचलं. मग एका सुट्टीत तो तिकडे गावाजवळ शेलूला फ्लॅट बघायला गेला. बिल्डिंग नवी, अर्धी रिकामी. दलालाने चहा दिला, नाव विचारलं, आणि सगळे फ्लॅट बुक झाल्याचं सांगितलं. ही गोष्ट त्याने मला हसत सांगितली. मी हसलो नाही, कारण त्याच बिल्डिंगमध्ये महिन्याभरापूर्वी माझ्या मेहुण्याने फ्लॅट घेतला होता आणि त्याला नाव फक्त पावतीसाठी विचारलं होतं. हेही मी इम्तियाजला सांगितलं नाही. न सांगायच्या गोष्टींची मला तोवर सवय झाली होती.

दुसऱ्या वर्षी बाबांचा फोन आला. आवाजात विजय होता. "बोललो नव्हतो? बशीर आला होता. आदी पावसाचं बोलला, मंग गुडघ्याचं, मंग म्हनं ती पट्टी द्यायची काय." ताकाला जाऊन चाचांनी भांडं लपवलं होतं खरं. बाबांनी नाही म्हटलं. मला वाटलं, म्हणजे बाबांचा संशय खोटा नव्हता, आणि त्या विचाराने मला पुन्हा हायसं वाटलं. एक संशय खरा निघाला की माणूस बाकीचे सगळे त्याच्या मागे रांगेत उभे करतो. पण चाचांची माणसं त्या पट्टीतूनच रस्त्याला जातात, आणि बाबांनी पायवाट कधी अडवली नाही. वाल टाकतानासुद्धा तेवढी जागा सोडतात. विचारलं तर म्हणतात, "नांगर तिकडं वळत नाय."

पहिल्या सुट्टीत खाला ओटीवर भेटल्या. म्हणाल्या, "डबा वापरतोस ना रं?" कसला डबा? मला काही कळेना. मी म्हणालो, "व्हय खाला, रोज." त्या खूश झाल्या. मी मात्र घरी येईपर्यंत विचार करत होतो, या माझी परीक्षा तर घेत नाहीत? पुढच्या सुट्टीत त्यांनी पुन्हा तेच विचारलं. त्यानंतर मी कुंपणाच्या बाजूने जायचंच टाळलं.

या वर्षी सुट्टीत गुरांच्या गोठ्यावरचे पत्रे बदलायचे होते. माळ्यावर चढलो. जुन्या सुपांच्या मागे एका फडक्यात स्टीलचा डबा सापडला. झाकणावर नाव घातलेलं होतं, भांड्यांच्या दुकानात घालून देतात तसं, ठिपक्याठिपक्यांचं. सुरेश. माझं नाव. आईला विचारलं तर तिने डबा कधी पाहिलाच नव्हता. एवढंच म्हणाली, "तू गेलास त्या साली म्हैनाभर मांजर त्या माळ्यावरनं उतराय तयार नव्हतं. ह्ये म्हनायचं, उंदीर झाल्यात."

बाबा खळ्यात बसले होते. मी डबा त्यांच्यासमोर ठेवला. 

"मांजरानं फाडलं रं ते," ते म्हणाले. "मी नाय उघडलं. दुसऱ्याचं शिवलेलं मी उघडीन व्हय? आत सुकट नि बोंबील, इम्तियाजचं. नि मधी ह्यो. झाकनाला चिकटपट्टी गुंडाळलेली. आत नाचनीचं लाडू."

मी गेलो तो श्रावण होता. आमच्या घरात श्रावणात मासळी शिजत नाही, हे खालांना आईइतकंच माहीत. माझ्या खाण्याला सुकटीचा वास लागू नये म्हणून त्यांनी नवा डबा घेतला, माझं नाव घालून घेतलं, झाकणाला चिकटपट्टी लावली. बाबांच्या अंगठ्याला जे टणक लागलं होतं, ते हे.

"मंग द्यायचा ना परत?"

"काय सांगून दिऊ? वर तुजं नाव. टाकवना. दिववना." मग म्हणाले, "पन जमिनीच्या पट्टीचा संशय खरा व्हता का नाय?" हे म्हणताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

मी डबा घेऊन मस्कतला आलो. येताना खालांकडे गेलो नाही. तेवढं धैर्य झालं नाही, आणि आधी ज्याला खोटं सांगितलं त्याला खरं सांगायचं असं मी ठरवलं होतं. शुक्रवारी इम्तियाज मशिदीतून आला. मी डबा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं, ढाब्यामागची गाडी, कांदे, कस्टमचं खोटं, मांजर, सगळं. तो ऐकत होता. नावाच्या ठिपक्यांवरून बोट फिरवत होता. मी मनात हिशेब मांडला होता की आता हा उठेल आणि मला बाहेर काढायला दार उघडेल.

"कस्टमचं मला तवाच खोटं वाटलं व्हतं," तो म्हणाला. "ते सुकट घेत्यात, डबा कशाला घेतील? तू आलास त्याच राती अम्मीनं फोनवर विचारलं डबा पोचला काय. मी म्हनलो पोचला. लाडू आवडलं म्हनलो सुऱ्याला."

म्हणजे नऊ वर्षं मी खालांना जे खोटं सांगत होतो, ते आधी त्यानेच सांगून ठेवलेलं होतं. मला रडू आलं, आणि ते मी लपवलं नाही.

तो मग जरा अवघडून म्हणाला, "आता माजं पन ऐक. तू माज्याबरूबर आईला पार्सल पाठवतोस ना, दर सुट्टीला? मी दर येळी उसवून बघितलंय. आन परत शिवलंय. अम्मीसारखेच टाके येत्यात मला."

"कशाला?"

"तुज्या बापावर इश्वास नाय माजा. म्हनलं, पोरगा बी त्याचाच."

आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि इतके हसलो की शेजारच्या खोलीतला मल्याळी माणूस दारात येऊन उभा राहिला.

लोक विचारतात, आता घर कुठलं? गावचं की इथलं? मी नीट उत्तर देऊ शकत नाही. पण एवढं कळलंय की साहेब माझ्यावर संशय घेतो तेव्हा तो मला सांगत नाही, थेट माझं काम तपासायला माणूस पाठवतो. शेलूचा दलाल चहा पाजून संशय घेतो. संशय तोंडावर कबूल करणारा आणि त्यावर हसणारा माणूस मला एकच भेटला, आणि तो माझ्या कुंपणापलीकडचा निघाला. घर म्हणायचं तर त्याच्या आसपास कुठेतरी असावं.

इम्तियाज उद्या गावी निघाला आहे. डबा रिकामा परत देऊ नये म्हणतात, म्हणून मी तो घासून त्यात इथला हलवा भरला, खालांसाठी. मांजरपाटाचा तुकडा आणला, वर निळ्या पेनाने त्यांचं नाव लिहिलं. बाबांना फोन करून सांगितलं की डबा पोचला की स्वतः पट्टी ओलांडून जा, आणि खालांना झालं ते सांगा. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "हलवाच हाय ना त्यात?"

पार्सल मी शिवलं नाही. तोंड उघडं ठेवून सुई-दोऱ्यासकट इम्तियाजच्या हातात दिलं. त्याने झाकण उघडलं, हलवा बोटाने टोचून तळापर्यंत बघितला, बोट चाटलं, आणि माझ्यासमोर बसून शिवायला घेतलं.