पुसून टाकलेली चित्रफीत

काळ्या पडद्यावर एक पांढरी रेघ उघडमीट करत होती. आतला पंखा घरघरत होता, तापलेल्या धुळीचा वास खोलीभर पसरला होता. आणि धुगधुगीच्या इतक्या खुणा असूनही ह्यांचा जुना लॅपटॉप काही सुरू होत नव्हता. हे गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात तो असा अडून बसला.

सांगलीतल्या दुकानदाराने नीट पाहिलंही नाही. “फॉरमॅट मारतो मॅडम. एकदम कोरा. नव्यासारखा पळंल!” फलटणहून आलेले माझे दीर त्याच्याहून घाईत. “दादाचे कपडे दिले, गादी दिली, ह्ये बी त्यातलंच की वहिनी. पुसून द्या, आमच्या धाकटीला कॉलेजात लागतोय.”

कोरा! माणूस गेला की त्याच्यामागे उरलेलं सारं कोरं करून टाकायची ही कसली लगबग? दुःख आवरायला आलेली माणसं घर आवरू लागतात, तेव्हा त्यांना काय म्हणावं?

माझ्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर वाचन बंद होतं, त्या दिवसांत हे मला पुस्तकं वाचून, आवाज मुद्रित करून ठेवत. मध्येच ठसका, मध्येच कुकरची शिट्टी, मध्येच थेट लेखकाशी भांडण: “हे काही पटत नाही बुवा!” तो आवाज त्या यंत्रात होता आणि जगात दुसरीकडे कुठेही नव्हता.

यंत्र अडलंच तर दुरुस्तीसाठी ह्यांनी एक सीडी करून ठेवली होती, वर त्यांचं तिरकं अक्षर. पण लॅपटॉपचा सीडीचा कप्पा केव्हाच निकामी झालेला. म्हणजे सीडीवरचं सगळं पेनड्राइव्हवर उतरवायचं आणि त्यावरून यंत्र जागं करायचं. शेजारच्या शमीमभाभींच्या जुन्या कॉम्प्युटरवर बसले. आधी भाबडेपणाने नुसत्या फाइली उतरवल्या. लॅपटॉपने त्यांची दखलही घेतली नाही. मग वाचून कळलं, फाइली असून भागत नाही. यंत्र जिथून सुरू होतं तो आरंभही पेनड्राइव्हवर लिहावा लागतो. त्यासाठीचा प्रोग्रॅम उघडला, तर त्याने विचारलं: यावरचं सगळं पुसलं जाईल, चालेल?

घरात पेनड्राइव्ह एकच, दिरांनी तेराव्याला चारचौघांत हातात ठेवलेला. “आठवण म्हणून जपा.” त्यावर अंत्ययात्रेची चित्रफीत. नाकात कापसाचे बोळे घातलेला ह्यांचा चेहरा अगदी जवळून, शेजारी नीट उभे राहून कॅमेऱ्याकडे बघणारे पाहुणे, आणि मागे सनई! एकदाच पाहिली. तेव्हापासून डोळे मिटले की तोच चेहरा पुढे येई आणि वाचणारा, ठसकणारा, भांडणारा चेहरा मागे ढकलला जाई. मृत्यूने एकदा नेलं. या माणसांनी पुन्हा न्यायचं काय कारण होतं?

“आवं, थांबा की,” शमीमभाभी म्हणाल्या, “कोपऱ्यावर नवा मिळतोय. मी आणते.”

मिळत होता, हे मलाही ठाऊक होतं. मी ‘हो’ दाबलं.

लॅपटॉप त्या पेनड्राइव्हवरून जागा झाला. दुरुस्ती करू की सगळं मुळासारखं कोरं करू, असं त्यानेही विचारलंच! मी दुरुस्ती निवडली. सावकाश, कुरकुरत, ह्यांचा पडदा उजळला.

संध्याकाळी दिरांचा फोन. “वहिनी, त्यो व्हिडिओ पाठवा की. माझ्या मोबाईलमधला उडाला.”

“भावजी, तो मी पुसला.”

मग अगदी बारीक आवाजात, “दादाचं तेवढंच हुतं ओ माझ्याकडं.”

क्षमा मागावीशी वाटली नाही. आजही वाटत नाही. फोन लॅपटॉपजवळ नेला आणि एक ध्वनिमुद्रण लावलं. ठसका, शिट्टी, “हे काही पटत नाही बुवा!” पलीकडे दीर ओक्साबोक्शी रडू लागले, पण त्यांनी फोन ठेवला नाही. माझा राग जिथल्या तिथेच होता. तरी मी पुढचं प्रकरण लावलं.