पिन विसरली असेल

मागच्या वर्षी आम्ही दोघं पनवेलच्याच एका टूरवाल्याबरोबर बँकॉकला गेलो. पैशांची व्यवस्था माझ्याकडे होती, घरात ती पहिल्यापासून माझ्याकडेच असते. थोडे बाट रोख घेतले, बाकी कार्डावर. 'आपलं स्कॅन करून पैसे देणं तिथे सगळीकडे चालणार नाही,' असं टूरवाल्याने बजावलं होतं. कार्ड परदेशात चालायचं तर बँकेच्या ॲपमध्ये आधी तशी परवानगी द्यावी लागते. मी माझ्या कार्डाला दिली, बायकोच्या कार्डाला दिली नाही. तिचं शिक्षिकेच्या पेन्शनचं खातंही माझ्याच मोबाइल नंबराला जोडलेलं, त्यामुळे तिला हे कळायचं कारण नव्हतं.

विसरलो असतो तर गोष्ट वेगळी. दोन-दोन कार्डं उघडी कशाला ठेवायची, अशी मनाची समजूत घातली. खरं तर लागेल तसं तिने माझ्याकडे मागावं, हे मला आवडायचं. हे आजवर कुणाला बोललो नाही.

बँकॉकहून निघायच्या आदल्या दिवशी तिने शिरढोणच्या बहिणीसाठी रेशमी ओढणी निवडली. "ही माझ्या पैशांची," म्हणत स्वतःचं कार्ड पुढे केलं. पिन टाकला. दुकानातल्या मुलीने मान हलवून कार्ड परत दिलं. बायकोने पुन्हा टाकला. मागे आमच्या टूरची माणसं खोळंबलेली.

"वहिनी, रेशनकार्ड दिलंत की काय!" एकजण म्हणाला आणि सगळे हसले.

माझ्या खिशातला फोन थरथरला. बँकेचा मेसेज होता, परदेशातला वापर बंद असल्याने व्यवहार नाकारला. वाचला आणि फोन परत खिशात घातला.

"पिन विसरली असेल," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो. नोटा काढून दिल्या.

"नाही हो, तोच टाकला," ती पुटपुटली.

तिची आई शेवटी शेवटी मुलींनाच ओळखत नव्हती. हे मला माहीत होतं. तरी त्या क्षणी सुचलं नाही, आणि सुचलं तेव्हा तोंड उघडलं नाही.

पनवेलला परतल्यावर पेन्शन काढायला ती एटीएमवर जाईना. "पुन्हा चुकला तर कार्ड बंद पडेल. तुम्हीच आणा." गॅस बंद केला का ते पाहायला जिन्यातून परत वर येऊ लागली. भाजीवाल्याकडे सुटे मोजताना माझ्याकडे बघायची. आज सांगू, उद्या सांगू, यात महिने गेले. मग एक दिवस तिनेच खारघरच्या मेंदूच्या डॉक्टरांची वेळ घेतली.

तिथल्या बाकावर बसल्यावर मी सांगितलं. परवानगी, मेसेज, सगळं.

ती माझ्याकडे वळली. "म्हणजे पिन बरोबर होता?"

"हो."

"मला बरं वाटावं म्हणून सांगताय."

"नाही गं. खरंच."

"खरं कसं समजू? तेव्हाही खरंच वाटलं होतं."

मी फोन काढला, तिच्या कार्डासमोरचं परदेशातल्या वापराचं बंद असलेलं बटण दाखवलं. चष्मा वर करून तिने ते नीट पाहिलं. रागावेल असं वाटलं होतं. तिने मात्र चष्मा परत डोळ्यांवर घेतला.

"आईसारखं झालं म्हणून मी रोज रात्री भाचरांची नावं म्हणत झोपते," ती म्हणाली. "तुम्ही शेजारीच असता."

आमचा नंबर पुकारला. मी बसूनच होतो.

"उठा. हे आत डॉक्टरांना सांगा. जसंच्या तसं."

सांगितलं. मान वर न करता, अडखळत. डॉक्टरांचं लिहिणं थांबलं. ते तिच्याकडे वळले.

"आलाच आहात तर तपासून घेऊ," ते म्हणाले.

"घ्या," ती म्हणाली. "आणि यांना बाहेर बसवा. मी उत्तर देताना हे मध्ये बोलतात."

मी बाहेर येऊन बसलो. दार लागलं, आणि आतून तिचा शाळेत शिकवतानाचा आवाज ऐकू येऊ लागला.