नाकेदाराचे लाकूड

नोकरी संपल्यावर कुठे राहायचे, हे माणसाने नोकरीत असतानाच ठरवावे, असे माझे मत आहे. मनसाराम शेंडे यांनी ते ठरवले होते. तलावाच्या पाळीखालची जागा, जवळ गोड्या पाण्याची हापशी, पोस्ट गावातच, बसथांबा चालत जाण्याइतका. त्यांनी सगळे पाहिले होते. शेजार मात्र पाहिला नव्हता, किंवा पाहण्याची गरज त्यांना वाटली नव्हती.

चंद्रपूर जिल्ह्याचे दोन जिल्हे होऊन दोनेक वर्षे झाली होती, तेव्हाची ही गोष्ट. मनसाराम जंगल खात्यात नाकेदार होते. कोणी कुठे झाड तोडले, कोणाच्या बंडीत, म्हणजे बैलगाडीत, काय आहे, हे पाहणारा तो नाकेदार. उमेदीची वर्षे आलापल्लीकडच्या सागाच्या जंगलात गेली आणि शेवटची आमच्या चिचटोल्याच्या बीटावर. निवृत्त झाल्यावर सरकारी क्वार्टर सोडावे लागले. एकुलता मुलगा घुग्घुसला खाणीत. एका खोलीत बायकापोरे, त्यात पाळीची ड्युटी. तिथे जाण्यात अर्थ नव्हता. म्हणून त्यांनी चिचटोल्यातच, ढिवर मोहल्ल्यात, माझ्या घरापलीकडे दोन खोल्या बांधल्या. ते स्वतः ढिवरच. जातीची माणसे सामावून घेतील, असे त्यांनी धरले होते.

मोहल्ल्याने नेमके उलटे धरले होते. परका नाकेदार कडक वागला तर लोक त्याला शिव्या देतात आणि विसरतात. जातीचा वागला तर विसरत नाहीत.

विसरण्यासारखे नव्हतेही. मोहल्ल्याचा म्होरक्या इतवारी याने एका अखंड खोडातून डोंगा कोरला होता. तलावात जाळे टाकायला ढिवराला डोंगा लागतोच, आणि तसे खोड जंगलाशिवाय मिळत नाही. परवाना नव्हता. मनसारामांनी डोंगा जप्त केला. तो अखंड बंडीत मावेना, म्हणून त्यांनी पाळीवर, सगळ्या मोहल्ल्यादेखत, तो करवतीने मधोमध कापायला लावला आणि दोन तुकडे करून नेला. इतवारीची म्हातारी आई रंभाबाई तेव्हा पाळीवर उभी राहून ओरडली होती, "अरे, ढिवराच्या पोटचा हायेस का लाकडातल्या किड्याच्या?"

त्याच इतवारीचे घर आता मनसारामांच्या भिंतीला भिंत लागून होते.

घर बांधताना मयाल, म्हणजे छपराची मुख्य तुळई, चढवायला मोहल्ल्यातला एकही माणूस आला नाही. आमच्याकडे मयाल चढवायला बोलवावे लागत नाही. आवाज ऐकून चार जण येतात. मनसारामांनी मूल गावाहून मिस्त्री आणि मजूर आणले. राहायला आल्यावर दुसऱ्या दिवशी फाटकासमोर माशांच्या खवल्यांचा आणि आतड्यांचा ढीग पडलेला होता. तो पुढे रोजचाच झाला. मांजरी आणि माश्या त्यांच्याच दारात. पोरे लाकडांची मोळी घेऊन जाताना मुद्दाम ओरडत, "लपवा रे, लपवा! नाकेदार पेन्सिलीत गेला, तरी डोळे ड्युटीवर हायेत!" पेन्शनला ती पेन्सिल म्हणत.

मनसारामही गप्प बसणारे नव्हते. त्यांनी काटेरी तारेचे कुंपण घातले. खवले फावड्याने उचलून इतवारीच्या अंगणात परत टाकले. मी मच्छीमार सोसायटीचा सेक्रेटरी. मला एकदा म्हणाले, "सेक्रेटरी, मी कोनाचं काही खाल्लो नाई. कोंबडी नाई, मासोडी नाई. कायद्यानं वागलो. मंग मी काऊन वाकू?"

"वाकू नका," मी म्हणालो, "पण खवले तरी परत टाकू नका."

"ते मी टाकनारच," ते म्हणाले.

त्यांची बायको गिरजाबाई हापशीवर गेली की बायका हळूच तिची पाण्याची गुंडी रांगेतून मागे सरकवत. ती पुन्हा पुढे ठेवी. शेवटी तिने रांग सोडून दुपारी, कोणी नसताना जायला सुरुवात केली. गिरजाबाई उंच, हाडाने मजबूत आणि तोंडाने तिखट बाई होती. बोलणे ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती. नाकेदाराच्या बायकोला सगळे बाई-बाई करत, त्यात तिची उमर गेली होती. तरी ती गिळत होती. कारण तिला एका गोष्टीची धास्ती होती, आणि ती तिने माझ्या बायकोजवळ पहिल्याच महिन्यात बोलून दाखवली.

आमच्या भागात मयत झाली की मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरातून एक माणूस खांद्यावर एक लाकूड घेऊन घाटावर जातो. त्याच लाकडांची चिता रचतात. घरचे लोक लाकूड विकत आणत नाहीत, मागतही नाहीत. ज्याच्या मयतीला लाकडे येतात तो गावचा. ज्याच्या येत नाहीत त्याच्याबद्दल काय बोलायचे, ते कोणालाच माहीत नाही, कारण तसे कोणी पाहिलेले नाही.

"माझ्या मयतीले लाकडं येतीन का वं?" गिरजाबाईने विचारले होते. "पोरगा घुग्घुसहून येईपर्यंत कोन पाह्यीन? आमच्या यायचं काय, कायद्याचं पुस्तक जाळतीन अन् त्याच्यावरच मले ठेवतीन."

संक्रांतीला ती तिळाचे लाडू घेऊन इतवारीच्या घरी गेली. इतवारीची बायको कुंता जाळे दुरुस्त करत अंगणात बसली होती. मी माझ्या ओसरीवर होतो, ऐकू येत होते.

"कुंताबाई, तिळगूळ आनला."

"पास हाय का?" कुंताने मान वर न करता विचारले.

"काय?"

"पास. आमच्या घरात काही आनाचं तं पास लागते. तुमच्याच नवऱ्यानं शिकवलं."

"मी नाई तुमचा डोंगा कापला, बाई."

"तुमी नाई कापला. तुमी त्याच्या लाकडावर भात रांधून खाल्ला."

आतून रंभाबाईचा बिडीने फाटलेला आवाज आला, "कोन हाये वं? नाकेदारीन का? तिले म्हना, लाडू ठेवाचे तं ठेव, न्याचे तं ने, पन उंबरठ्यावर उभी राहून हवा नोको अडवू."

गिरजाबाईने ताट उंबरठ्यावर ठेवले आणि आली. तास-दोन तासांनी ताट धुऊन, रिकामे, तिच्या कुंपणावर उलटे लटकवलेले होते. लाडू खाल्ले की कोंबड्यांना टाकले, हे कळले नाही. पण ताट फेकले नव्हते, धुतले होते. गिरजाबाईने त्यावरच आशा धरली.

पुढे महिनाभरात रंभाबाई गेली. सकाळची वेळ होती. कुंताने हंबरडा फोडला आणि मोहल्ला गोळा झाला. मी निघालो तेव्हा मनसारामांच्या घरातून गिरजाबाईचा आवाज येत होता.

"उठा. लाकूड घ्या."

"ते घेतीन का माझं?"

"घेतीन का नाई, ते त्यायचं काम. नेनं आपलं काम. उठा म्हनते ना!"

"अपमान कराले जाऊ का मी, त्या चिता रचनाऱ्या झिंगूसमोर?"

"मंग मी मरीन तवा तुमचा मान माझ्या चितेवर रचा," गिरजाबाई म्हणाली.

मनसाराम उठले. त्यांनी आपल्या जळणाच्या गंजीतले सगळ्यात जाड, धावड्याचे लाकूड काढले. धावडा जड असतो आणि जळतो चांगला. साठीच्या माणसाने ते खांद्यावर घेतले आणि घाटापर्यंत कुठेही न टेकवता आणले. मी मागेच होतो. कोणी त्यांच्याशी बोलत नव्हते, पण कोणी हटकतही नव्हते.

घाटावर चिता रचायचे काम झिंगूकडे होते. मोहल्ल्यातला सगळ्यात तोंडाळ माणूस तो. मनसारामांना पाहताच तो म्हणाला, "या साहेब. आज जप्ती का भरती?"

दोघे-तिघे हसले. मनसारामांच्या मानेची शीर फुगलेली मला दिसली.

इतवारी आईच्या तिरडीजवळ बसला होता. त्याने वर पाहिले. मनसारामांकडे, मग त्यांच्या खांद्यावरच्या लाकडाकडे.

"ठेवा," तो म्हणाला.

एवढाच शब्द. झिंगू बाजूला झाला. मनसारामांनी धावड्याचे लाकूड इतर लाकडांत ठेवले आणि खांदा चोळत मागे सरले. मी मनात म्हटले, चला, झाले. खरोखर तसेच झाले असते.

सगळ्यांची लाकडे आल्यावर इतवारी स्वतः उठला आणि बंडीतून एक लाकूड घेऊन आला. ते सागाचे होते. गोल, सरळ, साल काढलेले, धुराने काळे झालेले. साग कोणी चितेत घालत नाही. तो दारासाठी, मयालीसाठी ठेवतात. इतवारीने तो वर्षानुवर्षे आपल्या माळ्यावर लपवून ठेवला असणार. आईसाठी त्याने तो काढला होता. त्याने तो चितेच्या मध्यभागी, जिथे छाती येते तिथे, आडवा ठेवला आणि मागे वळला.

मनसाराम पुढे झाले, खाली वाकले आणि त्या लाकडाचे तोंड आपल्याकडे फिरवून पाहू लागले.

ते काय पाहत होते, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होते. डेपोतून रीतसर सुटलेल्या लाकडाच्या कापलेल्या तोंडावर हातोड्याने ठोकलेला शिक्का असतो. नाकेदार लाकूड दिसले की आधी तोंड फिरवतो. जन्मभर त्यांनी हेच केले होते. त्यांनी अंगठ्याने त्यावरची काजळी पुसलीसुद्धा.

झिंगूने हातातले लाकूड खाली ठेवले.

"काय पाहून राह्यले?" इतवारीने विचारले.

मनसाराम सरळ झाले. आपण काय केले हे त्यांना तेव्हा कळले असावे, असे त्यांच्या चेहऱ्यावरून वाटले. पण माफी मागणे त्यांना येत नव्हते. ते म्हणाले, "साग हाये हा. साग जाळाचा नसते."

"माझ्या मायले जाळाले तुमचा परवाना लागते का?"

"मी तसं नाई म्हनलो. मी फक्त पाह्यलो."

"पाह्यलं ना? दिसला शिक्का?" इतवारीचा आवाज चढला नव्हता, म्हणून जास्त वाईट वाटत होता. "नाई दिसला. नाईच हाये. कापा मंग. करवत आनू? मधातून कापा, बंडीत मावन तुमच्या."

"इतवारी, मयत समोर हाये," मी म्हणालो.

"तुमी मधात बोलू नोका, सेक्रेटरी." त्याने वाकून मनसारामांचे धावड्याचे लाकूड लाकडांतून ओढून काढले. ते जड होते. झिंगूने दुसरे टोक धरले. दोघांनी ते झोका देऊन नाल्याच्या बाजूला फेकले. ते दगडावर आदळले आणि घरंगळत वाटेच्या कडेला थांबले.

"न्या तुमचं शिक्क्याचं लाकूड," झिंगू म्हणाला.

घाटावर नेलेले लाकूड घरी परत नेत नाहीत. ते चुलीतही घालत नाहीत. हे मनसारामांना ठाऊक होते आणि झिंगूलाही. मनसाराम लाकडाजवळ थोडा वेळ उभे राहिले, उचलता येईना, सोडता येईना. मग ते तसेच घरी गेले. ते लाकूड बरेच दिवस तिथे पडून होते. मोळीवाल्या बायका त्याला वळसा घालून जात.

गिरजाबाईला मी येण्याआधीच कळले होते. तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर ती इतवारीच्या घरी गेली. कोणी ये म्हटले नाही. तिने मोरीवर बसून मयतीच्या घरची सगळी भांडी घासली, अंगण सारवले आणि दिवसभर बायकांत बसून राहिली. माझी बायको तिथे होती. ती म्हणते, बायकांनी मनसारामांना नाही नाही ते बोलून घेतले, आणि गिरजाबाईने ते मान खाली घालून ऐकले, मध्ये एकदा स्वतःही दोन शिव्या घातल्या.

संध्याकाळी मनसारामांनी मला बोलावले. इतवारीशी मी बोलावे असे त्यांचे म्हणणे होते.

"त्याले सांगा, हात गेला. सवयीनं गेला. मुद्दाम नाई."

"तुम्हीच सांगा."

"मी नाई जात त्याच्या दारात."

तेवढ्यात गिरजाबाई आली. हातपाय शेणाने माखलेले होते. ती मोरीवर हातपाय धूत तिथूनच बोलली.

"काही सांगू नोका, भाऊ. मी बोलून आली."

"काय बोललीस?" मनसारामांनी विचारले.

"कुंता म्हनते, तू आमच्यात बस. हापशीवर सकाळी ये. तू मेलीस तं घरागनिक लाकूड येईन. इतवारीनं बी मान हालवली."

मनसारामांचा चेहरा सैल झाला. "बरं झालं," ते म्हणाले.

"एका बोलीवर," गिरजाबाई म्हणाली. "माझ्या मयतीले तुमी घाटावर याचं नाई."

"म्हंजे?"

"घरीच राह्याचं. आग पोरगा देईन. तुमी आले तं एक बी लाकूड येनार नाई, असं म्हनते ते."

"अन् तू कबूल झालीस?"

"झाली."

मनसारामांनी माझ्याकडे पाहिले. मी कुंपणाकडे पाहत होतो.

"अन् मी आधी मेलो तं?" त्यांनी विचारले.

गिरजाबाईने पदराने पाय कोरडे केले. "ते मी इचारलं नाई," ती म्हणाली आणि चूल पेटवायला आत गेली.